उभा राहणारा सेंटर फॉरवर्ड

आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाचा मी सात वर्षं चिटणीस होतो. त्या सात वर्षांत मी चेंडूला पाय लावल्याचं मला आठवत नाही. चिटणिसाला त्याची गरजही नव्हती. इंग्रजीत पत्रं लिहिता आली की पुरे होतं, आणि मी हायस्कूलात इंग्रजी शिकवत असल्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

गाव म्हणजे जळगाव जामोद, सातपुड्याच्या पायथ्याचं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. सरकार नागपूरला बसे, आणि नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक साहेबाला गावात काहीतरी दाखवावं लागे. मागे कोणा गोऱ्या साहेबाला फुटबॉलचा शौक होता म्हणून क्लब निघाला होता. साहेब बदलून गेला, पुढे त्यांचं राज्यही गेलं, पण क्लब राहिला. कारण त्याचं अध्यक्षपद आमच्या वकीलसाहेबांना फार शोभून दिसे.

वकीलसाहेब पुण्याला कायदा शिकून आले होते. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या : एक सनद आणि दुसरी आमच्या बोलीबद्दलची कायमची शिसारी. 'मले-तुले' करणारा माणूस समोर आला की ते डोळे मिटून घेत. अशील असला तर मात्र उघडे ठेवत.

संघ निवडायची त्यांची रीत सोपी होती. ते खेळाडूचे पाय बघत नसत, घर बघत. नायब तहसीलदारांचा भाचा, रुईच्या अडत्याचा मुलगा, डॉक्टरांचा धाकटा भाऊ, अशी अकरा माणसं जमवली की संघ झाला. खेळ येणं ही सोय होती, अट नव्हती. आम्ही बहुतेक सामने हरत असू, आणि मी नागपूरला 'अटीतटीचा सामना झाला' असं कळवत असे.

अशा क्लबात तो आला. वीस-एकवीस वर्षांचा, बुटका, फेंगड्या पायांचा. त्याच्या बापाचा गावाबाहेर मळा होता. वांगी, कांदे, मिरच्या, थोडी पानवेल. बाजाराच्या दिवशी तो वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन यायचा. एका संध्याकाळी पाटी विकून झाल्यावर तो सरळ वकीलसाहेबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मले खेळाले घ्या."

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "कुठे खेळतोस?"

"मळ्यात. पोट्टे जमते तवा."

"बूट आहेत?"

"नाई."

तरी, केवळ करमणूक म्हणून, त्याला अर्धा तास खेळवलं. तो अर्धा तास तो नुसता उभा होता. बाकीचे घामाघूम होऊन मैदानभर धावत होते आणि हा गोलाजवळ कमरेवर हात ठेवून बघत होता. मग कुणाच्या तरी पायाला लागून चेंडू त्याच्यापाशी आला, त्यानं तो गोलात घातला आणि पुन्हा उभा राहिला.

मी त्याला विचारलं, "अरे, पळत का नाहीस?"

तो शांतपणे म्हणाला, "बॉल जठी येनार हाये, तठी म्या आधीच उभा राह्यतो मास्तर. मंग पळू काऊन?"

यावर वकीलसाहेब एवढे हसले की त्यांचा चष्मा खाली आला. "आळसाला तत्त्वज्ञान सापडलं आहे," असं ते म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो. मला नोकरीत कायम व्हायचं होतं आणि वकीलसाहेब शाळेच्या मंडळावरही होते. सभेच्या वहीत मी लिहिलं : 'उमेदवार स्थिर आहे.' या कोटीबद्दल माझी पाठही थोपटली गेली.

पुढल्या हिवाळ्यात नागपूरचा रेल्वे कामगारांचा संघ आमच्याकडे सामना खेळायला आला. आदल्या दिवशीच्या मेजवानीत नायब तहसीलदारांच्या भाच्यानं बासुंदीवर जो हात मारला, त्यामुळे सामन्याच्या दिवशी त्याला घराबाहेर पडता येईना. एक माणूस कमी पडला. बाजाराचा दिवस होता. वकीलसाहेब नाइलाजानं म्हणाले, "तो पुतळा बोलवा. त्याला सांगा, तिथं उभा राहा आणि काही बिघडवू नकोस."

तो उभा राहिला आणि त्यानं दोन गोल केले. क्लबाच्या इतिहासात आम्ही पहिल्यांदाच बाहेरच्या संघाला हरवलं. रेल्वेच्या संघाचा कप्तान कारखान्यात फोरमन होता, सडपातळ, पिकल्या मिशांचा अँग्लो-इंडियन. सामना संपल्यावर तो आमच्याशी हातसुद्धा न मिळवता सरळ त्याच्याकडे गेला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "नागपूर आयेगा?"

वकीलसाहेबांचं मत पडलं की दोन्ही गोल योगायोगानं झाले. मी वहीत 'दोन गोल झाले' एवढंच लिहिलं. कोणी केले ते लिहायला जागा होती, पण लिहिलं नाही.

तो नागपूरला गेला, रेल्वेत लागला, आणि दोन-तीन वर्षं आम्ही त्याला विसरून सुखानं हरत राहिलो. मग एक दिवस वाचनालयात आलेल्या वर्तमानपत्रात बातमी दिसली. युरोपातला एक संघ हिंदुस्थानात आला होता, कलकत्त्याला त्याचा आपल्या देशाच्या संघाशी सामना होता, आणि आपल्या संघात सेंटर फॉरवर्ड म्हणून त्याचं नाव होतं. नावापुढे गाव छापलं होतं : जळगाव.

जामोद हा शब्द गाळला होता. त्यामुळे खानदेशातल्या जळगावानं आनंदानं पेढे वाटले. आमच्या गावानं तक्रार करायला हवी होती, पण उलट सुटकेचा निःश्वास टाकला. वकीलसाहेब वाचनालयात सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो. तो दुसराच कोणी आहे. आपला माणूस असता तर आपल्याला कळलं नसतं का?"

हे समाधान दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी त्याचा बाप माझ्या दारात आला. हातात तार होती. पोरानं बापाला सामना बघायला बोलावलं होतं. म्हातारा आयुष्यात शेगावच्या पुढे गेला नव्हता.

"मास्तर, तुमाले इंग्रजी येते. मले घेऊन चाला," तो म्हणाला. मग जरा थांबून : "खरं सांगू का, मले वाटते त्याईनं माणूस चुकवला. त्याले कामाचा लय कंटाळा हाये. मळ्यात पाटाचं पानी सोडलं का हा वाफ्याच्या तोंडाशी उभा. मी म्हनतो, अबे हाल. थो म्हनते, पानी इकडंच येऊन राह्यलं ना बाबा. अशा मानसाले कोन खेळाले बोलावन?"

मी वकीलसाहेबांना जाऊन सांगितलं की तो आपलाच आहे. त्यांनी काही वेळ छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "क्लबाचा अध्यक्ष या नात्यानं मला गेलं पाहिजे." योगायोग संपून नातं सुरू व्हायला एवढाच वेळ लागला.

आम्ही तिघं मोटारीनं पूर्णा ओलांडून नांदुऱ्याला आलो आणि कलकत्ता मेलमध्ये बसलो. वकीलसाहेब वरच्या वर्गात, मी आणि म्हातारा खालच्या. म्हाताऱ्यानं भाकऱ्या, ठेचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली मळ्यातली विड्याची पानं घेतली होती. वाटेत प्रत्येक नदीला तो हात जोडी आणि प्रत्येक शेताला नावं ठेवी. "हे पाहा, काय आळे केले हायेत. पानी जाईन कसं?" भूक लागली की वकीलसाहेब स्टेशनावर उतरून आमच्या डब्यात येत, भाकरी खात आणि परत जात. ठेच्याबद्दल बोलताना ते म्हाताऱ्याशी चक्क 'मले' म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

कलकत्त्याचं मैदान माणसांनी फुललं होतं. आम्हाला जागा मिळाली ती एका बंगाली गृहस्थाशेजारी. जाड चष्मा, मांडीवर छत्री, आणि फुटबॉलबद्दल बोलताना डोळ्यांत पाणी येईल इतका जिव्हाळा. त्यानं मला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कुठले?"

"वऱ्हाडातले."

"तिथे काय पिकतं?"

"कापूस."

"मग सेंटर फॉरवर्ड तिथून का आणला?" त्याला खरोखरच दुःख झालं होतं. कलकत्त्यात दर गल्लीत एक सेंटर फॉरवर्ड असताना नागपूरच्या रेल्वेतून हा फेंगडा माणूस आणल्याबद्दल तिथल्या पत्रांनीही रकाने भरले होते. त्यानं ते मला वाचून दाखवले.

संघ मैदानात उतरले. युरोपियन ताडासारखे उंच, उन्हानं लाल झालेले, पायांत जाड बूट. आपले बरेचसे अनवाणी, घोट्यांना पट्ट्या बांधलेले. त्यांच्यात आमचा तो, सगळ्यांत बुटका. शिट्टी झाली आणि तो उभा राहिला.

पहिली वीस मिनिटं त्याला कुणी चेंडूच दिला नाही. आपला कप्तान कलकत्त्याचा होता, आणि त्याचं मत बहुधा माझ्या शेजाऱ्यासारखंच होतं. पाहुण्यांनी एक गोल केला. लोक भडकले आणि भडकलेल्या लोकांना उभा असलेला माणूस फार सोयीचा असतो. चहूकडून ओरडा सुरू झाला. शेजारी छत्री आपटत म्हणाला, "हा खेळाडू आहे की दिव्याचा खांब?"

म्हाताऱ्यानं मला विचारलं, "काय म्हनते थो?"

"म्हणतो, छान उभा आहे."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर, मले बंगाली येत नाई, पन शिवी समजते," तो म्हणाला. "आन खोटं काय हाये त्यात? घरीबी असाच राह्यते."

वकीलसाहेब आमच्यापासून दोन जागा सरकून बसले. कुणी विचारलं तर आपण कुठले हे सांगायची त्यांची तयारी राहिली नव्हती.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात आपल्या उजव्या बाजूच्या खेळाडूनं लांबून फटका मारला. त्यांच्या गोलरक्षकानं तो दोन्ही मुठींनी परतवला. चेंडू जिथे पडला तिथे हा उभा होता. त्यानं तो पायाच्या आतल्या बाजूनं गोलात सरकवला, वाफ्यात पाणी सरकवावं तसा. बरोबरी झाली. मैदान उठून उभं राहिलं.

"नशीब," शेजारी खाली बसत म्हणाला.

"योगायोग," वकीलसाहेब दोन जागांवरून म्हणाले.

पण कप्तान शहाणा निघाला. पुढच्या खेपेला त्यानं चेंडू घेऊन मान वर केली आणि पहिल्यांदा आधी हा कुठं उभा आहे ते पाहिलं. मग चेंडू तिथे दिला. त्यांचे दोन राक्षस अंगावर धावून आले. एकाचा बूट याच्या अनवाणी पायावर पडलेला आम्हाला लांबूनही दिसला. हा तसाच, पाय मोकळा नसताना, दुसऱ्या पायानं वळला आणि चेंडू कोपऱ्यातून आत गेला.

शेजारी या वेळी नशीब म्हणाला नाही. त्यानं चष्मा काढून पुसला.

पुढची हकिगत मला त्यानंच समजावून सांगितली, नाहीतर माझ्यासारख्या चिटणिसाला ती कळली नसती. दोन गोल झाल्यावर पाहुण्यांनी याच्यावर दोन माणसं बसवली. हा लंगडत लंगडत पार रेषेच्या कडेला जाऊन उभा राहिला. ते दोघेही मागोमाग गेले. मैदानाच्या मध्ये एवढी मोठी वाट मोकळी झाली की कप्तान तिथून चालत गेल्यासारखा गेला आणि त्यानं तिसरा गोल केला. शेजारी उठला, मला ओलांडून म्हाताऱ्याला मिठी मारली आणि अर्धं बंगालीत, अर्धं इंग्रजीत बरंच काही बोलला.

"आता काय म्हनते?" म्हाताऱ्यानं मिठीतूनच विचारलं.

"म्हणतो, चेंडूला हात न लावता, आपलं, पाय न लावता गोल केला. असा सेंटर फॉरवर्ड त्यानं पाहिला नाही."

"हाव," म्हातारा म्हणाला. तो मैदानाकडे बघत होता. मग म्हणाला, "मी त्याले उगाच मारलं, मास्तर. पाटाच्या पान्यावरून दोनदा मारलं होतं."

सामना संपल्यावर आम्ही खेळाडूंच्या तंबूत गेलो. तो बाकावर बसला होता. अंगठ्याचं नख उखडलं होतं. लोक हार घेऊन उभे होते. बाप खाली बसला, पाय मांडीवर घेतला, एक पान चावून त्याला चुना लावला आणि ते अंगठ्यावर बांधलं. परदेशी डॉक्टर तो प्रकार पाहून दोन पावलं मागे सरकला.

"दुखते का?"

"नाई."

"कांदे काढाले आले हायेत. तू कवा येतं?"

"येतो ना बाबा. सुट्टी भेटली का येतो."

एवढंच दोघांचं बोलणं झालं. तेवढ्यात एका इंग्रजी पत्राचा बातमीदार आला. वकीलसाहेब आता अगदी जवळ उभे होते, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. बातमीदारानं विचारलं की हा खेळ तुला कुणी शिकवला. मी ते त्याला मराठीत सांगितलं.

तो जरा विचार करून म्हणाला, "कोनी नाई. गावात मले खेळूच नाई देलं. म्हनून बाहेर उभं राहून पाहत होतो. पाहता पाहता समजलं, बॉल कुठी जाते थे."

बातमीदार पेन्सिल धरून माझ्याकडे बघत होता. वकीलसाहेबही बघत होते. शाळेत कायम होण्याचा माझा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतो की आपल्या यशाचं सगळं श्रेय गावच्या क्लबाला आणि त्याच्या अध्यक्षांना आहे."

बातमीदारानं लिहून घेतलं. वकीलसाहेबांनी नम्रतेनं मान खाली घातली.

तो माझ्याकडे बघून हसला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण कान होते. "मास्तर," तो म्हणाला, "माह्या बोलन्यात क्लब नव्हता."

मी बातमीदाराच्या पेन्सिलीकडे पाहू लागलो.

"असू द्या. लिहू द्या त्याले," तो म्हणाला आणि पायावरचं पान सारखं करू लागला. त्यानं मला शिवी दिली असती तर माझा प्रवास बरा झाला असता.

महिन्याभरानं तो सुट्टीवर आला. तोवर गावात त्याच्यावर कधीच शंका न घेतलेल्या माणसांची संख्या फार वाढली होती. अडत्याला तो लहानपणापासून माहीत होता. नायब तहसीलदारांच्या भाच्यानं आपण मुद्दाम आजारी पडून जागा करून दिली, असं चारचौघांत सांगायला सुरुवात केली होती. क्लबाच्या मैदानावर सत्कार ठेवला. मैदानाला काटेरी तारेचं कुंपण होतं आणि फाटकाच्या कुलपाची किल्ली वकीलसाहेबांच्या घरी असे. त्या दिवशी फाटक उघडलं होतं, पण सभासद आत खुर्च्यांवर आणि बाकी गाव कुंपणाबाहेर उभं, अशीच मांडणी होती. म्हातारा बाहेरच्या गर्दीत होता. मीच जाऊन त्याला आत आणलं, एवढं मात्र केलं.

वकीलसाहेबांनी तासभर भाषण केलं. इंग्रजी पत्राचं कात्रण दोनदा वाचून दाखवलं. आपण या रत्नाला पहिल्या दिवशीच कसं ओळखलं ते सांगितलं. मग त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं.

तो उठला. "मले बोलता येत नाई," तो म्हणाला. "हे कुंपन काढून टाका. पोट्टे बाहेरून पाहून राह्यले. त्याईले खेळू द्या." आणि बसला.

टाळ्या पडल्या. बाहेर जास्त पडल्या, पण आतही पडल्या. वकीलसाहेबांनी तर उभं राहून वाजवल्या आणि जाहीर केलं की सूचना अतिशय उदात्त असून कार्यकारी मंडळ तिचा यथाकाल विचार करील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला जात होतो. मैदानाशी बैलगाडी उभी होती. म्हातारा पहारीनं खांब उपटत होता आणि त्याचा मुलगा, देशाच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड, तारेची गुंडाळी करून गाडीत टाकत होता. वकीलसाहेब घाईघाईनं आले.

"हे काय चाललंय? कुणाच्या परवानगीनं?"

म्हाताऱ्यानं पहार टेकवली. "साहेब, काल सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. तुमी उभं राहून वाजवल्या. मले वाटलं, ठरलं."

"अहो, पण तार कुठे नेता?"

"मळ्यात. रानडुकरं लय येऊन राह्यले. वाया कशाले घालाची?"

वकीलसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, पोलिसांत तक्रार लिहा."

मी म्हणालो, "लिहितो. पण कालच्या टाळ्यांचं काय लिहू? तुमच्या अशिलांपैकी निम्मे साक्षीला होते."

त्यांनी कायद्याच्या दृष्टीनं थोडा विचार केला आणि घरी गेले.

तो पुढे आणखी काही वर्षं देशासाठी खेळला, अंगठा कायमचा वाकडा झाला, रेल्वेत फिटर म्हणून राहिला. मैदानावर मात्र गावातली कुणाचीही पोरं खेळू लागली, आणि आम्ही सामने जिंकू लागलो, ही मंडळाला थोडी अडचणीची गोष्ट झाली. एकदा नागपूरहून एक मंत्री आले. वकीलसाहेबांनी त्यांना मैदान दाखवून सांगितलं की इथलं कुंपण काढण्याचा निर्णय आपण स्वतः घेतला. मंत्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही साहेब. एका वांगी विकणाऱ्या म्हाताऱ्यानं पहारीनं काढलं. तार अजून त्याच्या मळ्याला आहे."

तोवर मी शाळेत कायम झालो होतो, तेव्हा यात शौर्य फारसं नव्हतं. चिटणीसपद तेवढं गेलं. माझ्या जागी वकीलसाहेबांचे मेव्हणे आले. फुटबॉलमधलं त्यांना साधारण माझ्याइतकंच कळत असे.